निविदा माफ, हिशेब नाही

प्रश्न : पूर आला की ताडपत्री, पाण्याचे जार, बोटीला डिझेल तासाभरात लागते. तेव्हाही निविदा काढायची का? (ग्रामपंचायत अधिकारी, कृष्णाकाठ)

नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 मधले कलम 50 नेमके यासाठी आहे. बचाव किंवा मदतीसाठी सामान ताबडतोब हवे, अशी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची खात्री झाली की ते खरेदीची मुभा देते आणि निविदेची अट माफ झाली असे मानले जाते. नेमलेल्या नियंत्रक अधिकाऱ्याचे विनियोगाचे, म्हणजे सामान वापरल्याचे, प्रमाणपत्रही व्हाउचर म्हणून चालते. पण मुभा प्राधिकरणाची हवी. जिल्ह्यात त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. सरपंच फोनवर "आणा हो" म्हणाले, एवढ्याने भागत नाही. आदेश तोंडी मिळाला असेल तर निदान त्याच दिवशी मेसेजवर मागून घ्या. पाणी ओसरले की कोण काय बोलले होते, ते कुणालाच आठवत नाही.

प्रश्न : घाईत घेतलेल्या निर्णयांची नंतर चिरफाड करणे अन्याय नाही का? (निवृत्त अभियंता)

थोडा आहे. पण कलम 50 निविदा माफ करते, लेखापरीक्षण नाही. मुंबई महापालिकेने कोविड खर्चाची कागदपत्रे साथरोग कायद्याकडे बोट दाखवून कॅगला, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांना, दिली नाहीत, हे 2023 च्या विशेष अहवालात नोंदले गेले. 1897 चा हा कायदा मुळात चार कलमांचा. सद्भावनेने केलेल्या कामावर दावा लावू नये, असे त्यात आहे. हिशेब दाखवू नये, असे कुठेच नाही.

प्रश्न : मग नियमांत बदल कोणता हवा?

दर उघडे करा. युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयाच्या भोजन करारात अंडे 17 रिव्नियाला लावले होते, कीवच्या दुकानांत ते साधारण 7 ला मिळे. जानेवारी 2023 मध्ये एका पत्रकाराने हे बाहेर काढले आणि ऐन युद्धात तिथल्या संसदेने शस्त्रे वगळता इतर लष्करी खरेदीचे दर प्रसिद्ध करणे सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये कोविडकाळात मास्क-गाऊनच्या कंत्राटांसाठी वशिल्याच्या पुरवठादारांची वेगळी रांग होती. ती न्यायालयाने 2022 मध्ये बेकायदा ठरवली. आता तिथे थेट कंत्राट देण्याआधी तशी सूचना काढावी लागते. आपल्याकडे कलम 50 ला दर उघडे करण्याचे एवढे एक वाक्य जोडले तरी पुष्कळ. आणि ताडपत्रीचे दरकरार मे महिन्यातच करून ठेवा. पूर काही न सांगता येत नाही.

प्रश्न : जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून घेतले की आपण सुटलो ना?

नाही. दर वाजवी आहे, हे खरेदीदारालाच प्रमाणित करावे लागते.