ओव्हरसाइट म्हणजे देखरेख की नजरचूक?

तुम्ही विचारलंय की बातमीत 'ओव्हरसाइट कमिटी' आली की तिचा अर्थ देखरेख समिती, आणि ऑफिसच्या मेलमध्ये 'सॉरी फॉर द ओव्हरसाइट' आलं की तिथे चूक. मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता, आणि रोजच्या लिहिण्यात तो वापरावा का?

दोन्ही अर्थ खरे आहेत. देखरेखीचा अर्थ आधीचा, नजरचुकीचा नंतरचा, पण तोही काही शतकं जुना आहे. यातला एक अस्सल आणि दुसरा बिघडलेला, असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. मला एका वरिष्ठांनी हेच सांगितलं होतं आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसाने मोजली. म्हणून जरा लांब लिहितेय.

तेव्हा मी भाषांतराचं काम करत होते. एका गोदामातला माल मोजताना नोंदवहीपेक्षा कमी भरला. त्याची चौकशी झाली, इंग्रजीत अहवाल आला आणि मराठी प्रत करायला माझ्याकडे दिला. त्यात हे वाक्य होतं: 'द डिफरन्स अरोज फ्रॉम ॲन ओव्हरसाइट बाय द स्टोअरकीपर व्हाइल कॅरिइंग द बॅलन्स फॉरवर्ड.' साठ्याच्या नोंदवहीत पान भरलं की खालची शिल्लक पुढच्या पानाच्या माथ्यावर घ्यावी लागते. अहवालासोबत त्या दोन पानांच्या छायाप्रती होत्या, त्या मी पाहिल्या. पानाच्या अगदी तळाशी, समासाला चिकटून, जावकेची एक ओळ होती, 36 नगांची. ती वजा न करताच वरच्या ओळीतली शिल्लक पुढे नेली होती. माल कुठेही गेलेला नव्हता. तो रीतसर दिला होता, घेणाऱ्याची सही होती, फक्त वजाबाकीतून एक ओळ सुटली होती.

मी लिहिलं, 'शिल्लक पुढच्या पानावर नेताना भांडारपालांच्या नजरचुकीमुळे हा फरक पडला.' वरिष्ठांकडून मसुदा परत आला तेव्हा 'नजरचुकीमुळे' तांबड्या शाईने खोडलेलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'देखरेखीतील त्रुटीमुळे'. कारण असं की अहवालाच्या चौथ्या भागाचं शीर्षक 'ओव्हरसाइट ऑफ स्टोअर्स' होतं, तिथे मी 'भांडाराची देखरेख' असं केलं होतं, आणि साहेबांचा नियम होता की एका दस्तऐवजात एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द. मी विरोध केला. त्यांनी शब्दकोश उघडून पहिल्या क्रमांकाच्या अर्थावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "सर, इथे आधी 'ॲन' आहे." ते म्हणाले, "ॲनचं मराठीत काही होत नाही." मी गप्प बसले. तिथे गप्प बसले याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे सगळ्यांनी मराठी प्रतच वाचली. भांडारपालांना खुलासा मागणारं पत्र गेलं, की आपण देखरेखीत कसूर केल्याचं दिसून येतं, तरी कारवाई का करू नये. ते पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेला माणूस. आवाज चढवला नाही, काही नाही. पत्रातल्या त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून आणली होती. म्हणाले, "ताई, मी देखरेख करतो ती कुणावर? माझ्या हाताखाली माणूसच नाही. मी एकटा आहे तिथे."

मूळ इंग्रजी वाक्यात त्यांच्यावर हा आरोप नव्हताच. 'ॲन ओव्हरसाइट' म्हणजे हातून एकदा सुटलेली एक गोष्ट. देखरेखीतली त्रुटी म्हणजे कामाची पद्धतच ढिली. नजरचूक, दुर्लक्ष, हलगर्जीपणा, कुचराई या आपल्याकडे चढत्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला माणसाची नोकरी वेगळ्या प्रकारे पणाला लागलेली असते. इंग्रजीतही 'ओव्हरसाइट' आणि 'नेग्लिजन्स' यांत तेवढंच अंतर आहे. चौकशी अधिकाऱ्याने तोलून सौम्य शब्द निवडला होता. आम्ही भाषांतरात तो वाढवून ठेवला.

साहेबांच्या 'ॲन'बद्दलच्या वाक्याला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं, ते आता आहे. मराठीत त्याला वेगळा शब्द नाही हे बरोबर. पण म्हणूनच तो आपल्या हातून निसटतो, आणि या शब्दाचा अर्थ बऱ्याचदा तिथेच ठरलेला असतो. देखरेख मोजता येत नाही, चूक मोजता येते. 'ॲन ओव्हरसाइट', 'टू ओव्हरसाइट्स', 'ॲन ओव्हरसाइट ऑन माय पार्ट' दिसलं की नजरचूक. 'लॅक ऑफ ओव्हरसाइट', 'अंडर द ओव्हरसाइट ऑफ', किंवा पुढे कमिटी, बोर्ड असा शब्द आला की देखरेख. अमेरिकेत एन्रॉनसारखे हिशेबांचे घोटाळे उघडकीस आल्यावर 2002 च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने पब्लिक कंपनी अकाउंटिंग ओव्हरसाइट बोर्ड स्थापन केलं, कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्यांवर नजर ठेवायला. त्या नावात चूक कुठून येणार!

क्रियापदात मात्र गोंधळ नाही, इंग्रजीने दोन वेगळी क्रियापदं ठेवली आहेत. देखरेख करणं म्हणजे 'ओव्हरसी', आणि नजरेतून सुटणं म्हणजे 'ओव्हरलूक'. नाम बनताना दोन्ही अर्थ एकाच शब्दात येऊन बसले. 'ओव्हरसियर' तर आपल्याकडे केव्हाचा रुळलाय. आणि हे काही इंग्रजीचंच विचित्र वळण आहे असं समजू नका. 'अधीक्षक' फोडून बघा: अधि म्हणजे वर, ईक्ष् म्हणजे पाहणं. वरून पाहणारा, तंतोतंत ओव्हरसियर. त्याच ईक्ष् धातूला 'उप' लावला की 'उपेक्षा'. संस्कृतात त्या क्रियापदाचा अर्थ नुसतं पाहणं असाही आहे आणि दुर्लक्ष करणं असाही. मराठीत फक्त दुसरा उरला. वरवर नजर फिरवली की काहीतरी सुटतं, हे दोन्ही भाषांना आपापलं सुचलेलं आहे. मला हे कळलं तेव्हा मी ते कागदावर लिहून साहेबांना नेऊन दाखवणार होते, पण तोवर त्यांची बदली झाली होती.

एका शब्दाला एकच प्रतिशब्द हा नियम कायद्यातल्या व्याख्या केलेल्या शब्दांसाठी ठीक आहे, तिथे तो हवाच. सगळ्या शब्दांना लावला तर तो आळस आहे. वाक्य वाचायचे कष्ट वाचतात, एवढाच त्याचा फायदा.

त्या प्रकरणात शेवटी शुद्धिपत्रक निघालं. चौकशी अधिकाऱ्यांनीच लिहून दिलं की आपल्याला नजरचूक म्हणायचं होतं. खुलासा मागणारं पत्र मागे घेतलं, पण फाइलमधून ते गेलं नाही. भांडारपालांनी शुद्धिपत्रकाच्या दोन प्रती मागून घेतल्या, एक घरी ठेवायला.

एक सांगायचं राहिलं. 'ॲन'ची खूण प्रत्येक वेळी चालत नाही. ऑफिसच्या पत्रांत 'ड्यू टू ओव्हरसाइट' किंवा 'थ्रू ओव्हरसाइट' असं बिनआर्टिकलचंही लिहितात आणि तिथे अर्थ नजरचूकच असतो. 'द मॅनेजर्स ओव्हरसाइट' हे वाक्याबाहेर काढलं तर दोन्हीकडे जातं. असं काही स्वतः लिहायची वेळ आली तर नाम टाळून सरळ लिहा: मॅनेजरने काम तपासलं की मॅनेजरच्या नजरेतून सुटलं, जे असेल ते.

आता तुमचा मेल. जोडायची फाइल राहून गेली, यादीत कुणाचं नाव घालायचं राहिलं, तर 'इट वॉज ॲन ओव्हरसाइट ऑन माय पार्ट' अगदी योग्य आहे, बिनधास्त लिहा. आकडा चुकीचा मांडला असेल तर 'एरर' म्हणा, कारण ओव्हरसाइटमध्ये काहीतरी राहून गेलेलं असावं लागतं. आणि माहीत असूनही कळवलं नसेल, तर हा शब्द वापरू नका, तिथे तो खोटा ठरेल. चूक दुसऱ्याची असेल आणि तुम्ही तिच्याबद्दल वर लिहून पाठवत असाल, तर पाठवण्याआधी नेमकी कुठली ओळ सुटली ते त्याच वाक्यात लिहा. वाचणारा ओव्हरसाइटचा अर्थ काहीही लावो, ती ओळ त्याच्यासमोर असेल.