सल्ला हवाय: पाहुणे गेले, पाहुणे येणार

प्रश्न: मी पुण्यात कर्वेनगरला राहते, वय ४२. बचत गटातल्या दोन मैत्रिणींबरोबर काहीतरी सुरू करायचं बऱ्याच दिवसांपासून डोक्यात आहे. माझ्या मावसदिरांचे बाणेरला एकाच सोसायटीत दोन वन बीएचके फ्लॅट आहेत. ते एक-दोन रात्रींसाठी ऑनलाइन भाड्यानं देतात. भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, सफाईचं काम तुम्हीच घ्या, ओळखीतली आणखी घरं मिळवून देतो.’ आम्ही कंपनी काढावी का? मशिनं कोणती घ्यावीत, कर्ज काढावं का, आणि एका वेळचे पैसे किती सांगावेत?
एक वाचक, कर्वेनगर

उत्तर: कंपनी, मशिनं, कर्ज हे सगळं जरा बाजूला ठेवा. भाऊजींकडचा पाहुणा किती वाजता निघतो आणि पुढचा किती वाजता येतो, ते आधी विचारा. बहुतेक घरांत अकराला बाहेर आणि एक-दोनला आत असा हिशेब असतो. म्हणजे तुमचं दुकान दिवसाला जेमतेम तीन तास उघडं. मी हॉटेलात हाउसकीपिंग बघायचे तेव्हा खोल्या एका मजल्यावर ओळीनं असायच्या, एक झाली की ट्रॉली पुढे ढकलायची. तुमच्या खोल्या गावभर पसरलेल्या असणार, आणि सगळ्या एकाच वेळी रिकाम्या होणार. झाडू-पोछा कोणालाही जमतो. या धंद्यात माणसं अडतात ती इथे.

रविवारचं बघा. शुक्रवार-शनिवारी लग्नाला आलेले, गहुंजेला मॅच बघायला आलेले, डिसेंबरात सवाई गंधर्वला आलेले, सगळे रविवारी सकाळी निघतात. हाताशी पाच फ्लॅट असतील तर त्या दिवशी दोघी-दोघींच्या तीन जोड्या लागतील आणि मंगळवारी कदाचित एकही नाही. म्हणून सुरुवातीला महिन्याच्या पगारावर कोणाला ठेवू नका. तुम्ही तिघी, आणि रविवारपुरत्या येणाऱ्या दोन-तीन भरवशाच्या मावशी, एवढं पुरे. त्यांना आदल्या दिवशी कळवा आणि पैसे त्याच दिवशी हातात द्या.

आता पैसे. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातली मजुरी घालून पुन्हा मांडा. एका वन बीएचकेला दोघींना दीड तास लागतो, म्हणजे तीन तासांचं काम. कर्वेनगरहून चांदणी चौकावरून बाणेरला जाऊन-येऊन प्रत्येकीचा दीड तास धरा. तो वेळही कामाचाच, हे बायका हमखास विसरतात. एकाच दिवशी दोन्ही फ्लॅट केले तर प्रवास निम्मा-निम्मा वाटला जातो: एका फ्लॅटमागे साडेचार तास, १२० रुपयांनी ५४० रुपये. धुलाई १५०, साहित्य ४०, पेट्रोल ५०. झाले ७८०. तुम्ही ९५० सांगितलेत तर १७० सुटतात. पण त्या दिवशी एकच फ्लॅट रिकामा झाला असेल तर तोच हिशेब सहा तासांचा: ७२०, अधिक १५०, ४० आणि पेट्रोलचे पूर्ण १००. म्हणजे १,०१०, आणि तुम्ही घरून ६० रुपये घालून दुसऱ्याचं घर पुसून आलात.

त्यामुळे एकट्या फ्लॅटच्या दिवसाचा दर वेगळा आणि जास्त ठेवा, आणि भाऊजी ‘आणखी घरं’ म्हणतात ती कुठे आहेत ते आधी विचारा. बाणेर, बालेवाडी, औंध असतील तर घ्या. खराडी किंवा विमाननगर, म्हणजे शहराचं पार दुसरं टोक असेल तर कितीही गोड बोलले तरी नको म्हणा. दर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, नातं असलं तरी. नात्यात तर जास्तच. ‘घरचंच आहे’ म्हणून कमी केलेला दर पुन्हा वाढवता येत नाही. शिवाय एअरबीएनबीसारख्या ॲपवर मालकाला सफाईचे पैसे पाहुण्याकडून वेगळे लावता येतात, तेव्हा भाऊजींच्या खिशाची फार काळजी करू नका. पंखे, फ्रिजच्या आतली बाजू, एसीच्या जाळ्या, गाद्या उलटणं हे दर वेळच्या कामात धरू नका. त्याचा दिवस वेगळा, पैसे वेगळे.

आणि चादरी. तीन तासांत चादर धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा घालता येत नाही, जुलैत तर नाहीच. दर पलंगाला तीन जोड हवेत: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. ते मालकानं घ्यायचे, तुम्ही नाही. सगळं पांढरं घ्यायला सांगा. पांढऱ्यावर डाग दिसतो, म्हणून तर तो निघतो, आणि दोन चादरींचे रंग जुळवत बसावं लागत नाही. टॉवेल सोलापूरचे छान मिळतात. धुलाई किलोवर घेणाऱ्या लॉन्ड्रीकडे द्या. घरच्या मशीनवर पावसाळ्यात चादरींचा ढीग उपसायला लागलात की तुमच्या घरचे तुम्हाला धंदा बंद करायला लावतील.

लॉन्ड्रीला द्यायच्या आधी डाग स्वतः बघा. रक्ताचा डाग गार पाण्यातच धुवा, गरम पाण्यानं तो पक्का बसतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्याला घाबरू नका. धुऊन कडक उन्हात घाला, फिका पडत जातो. मेंदी आणि काजळापुढे मात्र हात टेका. लग्नसराईत बाथरूममध्ये एक गडद तपकिरी टॉवेल ठेवा आणि ‘मेकअप, मेंदीसाठी’ अशी चिठ्ठी लावा. पांढरे टॉवेल वाचतात.

मशिनंही फार लागत नाहीत. एक बरा, हलका व्हॅक्यूम क्लीनर घ्या. पाहुणे तक्रार करतात ती केसांची: उशीवर, बाथरूमच्या जाळीवर, पलंगाखाली. बाकी मॉप, वायपर, मायक्रोफायबरची फडकी, स्प्रेच्या बाटल्या बोहरी आळीत घाऊक भावात मिळतील. संडासाचं फडकं एका रंगाचं, ओट्याचं दुसऱ्या, आणि यात तडजोड नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तिथे नळांवर, काचेवर पांढरे थर बसतात. लिंबूसत्वाच्या पाण्यानं पुसा आणि शेवटी कोरडं करा. संगमरवर किंवा कडाप्पा असेल तिथे मात्र लिंबूसत्व, व्हिनेगर, ॲसिड काहीच नको, चकाकी कायमची जाते.

आणखी एक, हे मावशींना पहिल्याच दिवशी समोर उभं करून सांगा: संडासाचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ‘दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ होतं’ हे मी चांगल्या शिकलेल्या बायकांकडूनही ऐकलंय.

घरात शिरल्यावर कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकाला पाठवा. फुटलेला ग्लास कुणी फोडला हा वाद तिथेच संपतो. सापडलेला चार्जर, कानातलं, औषध पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. किल्लीवर फ्लॅटचा नंबर लिहू नका. सोसायटीच्या गेटवर तुमच्या तिघींची नोंद मालकाला आधीच करायला लावा, नाहीतर तीन तासांतला अर्धा तास वॉचमनशी बोलण्यात जाईल. कचरा ओला-सुका वेगळा करा. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करा, म्हणजे कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंना ते उघडून बघावं लागत नाही. त्या सकाळी येऊन गेलेल्या असतात, तुमचं काम दुपारी आटपतं; दुसऱ्या सकाळपर्यंत पिशव्या कुठे ठेवायच्या ते सोसायटीला विचारून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. कंपनी नको. तिघींची भागीदारी लिहून काढा: कोणाचा वाटा किती, कोणी सोडून गेली तर काय. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर आधारवरून फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण तुम्हाला ते लागेल असं मला वाटत नाही. या दोन फ्लॅटवर एक पावसाळा काढा, मग ठरवा.

प्रश्न: वाकडला माझा फ्लॅट आहे, तो असाच रात्रीवर देतो. सफाई नीट होते, तरी आठ-दहा दिवस रिकामा राहिला की बाथरूममध्ये गटाराचा वास येतो. पाहुण्यांनी तसं लिहिलंही. कुठलं केमिकल वापरू?
एक घरमालक, वाकड

उत्तर: केमिकल नको, पाणी घाला. बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्यात, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये, थोडं पाणी साठलेलं असतं आणि तेच खालचा वास अडवतं. फ्लॅट बंद राहिला की, विशेषतः उन्हाळ्यात, ते उडून जातं. पाहुणा यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत, बाल्कनीतल्या आणि वॉशिंग मशीनच्या जाळीतसुद्धा, दोन मग पाणी ओतायला सांगा. फ्लॅट जास्त दिवस बंद राहणार असेल तर वर चमचाभर खायचं तेल टाका, पाणी उशिरा उडतं. खोबरेल थंडीत गोठतं म्हणून ते नको. एवढं करूनही वास राहिला तर कमोडच्या बुडाशी सिमेंट सुटलंय का ते प्लंबरकडून बघून घ्या.