आजोबांच्या मर्फीत नवा बोर्ड बसवू देऊ नका

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा मर्फी रेडिओ माळ्यावरून काढला, दुकानदार म्हणतो व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) आता मिळत नाहीत, आत एफएम-ब्लूटूथचा बोर्ड टाकून देतो, बाहेरून होता तसाच दिसेल. हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे, म्हणून हे लांबलचक उत्तर. सेट दुकानात असेल तर आजच घरी घेऊन या.

आमच्या वडिलांनी साताऱ्यात घेतलेला सेट होता. हम (सतत घुमणारा आवाज) यायचा, आवाज बारीक झाला होता, पण बोलायचा. पुण्यातल्या एका दुकानात दुरुस्तीला दिला. परत आला तो पॉलिश करून, चकाचक. मागचं झाकण काढलं तर आत तळहाताएवढा बोर्ड आणि स्वस्तातला स्पीकर. चेसिस, म्हणजे व्हॉल्व्ह आणि बाकीचे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, कुठे म्हणून विचारलं, तर "भंगारात दिला, त्यात काय होतं?" पावतीवर फक्त 'रेडिओ दुरुस्ती' लिहिलेलं, त्यामुळे भांडायला जागाच उरली नाही. चार वेळा खेटे घातले, प्रत्येक वेळी एकच उत्तर: "वाजतोय ना?"

त्यात काय होतं ते सांगतो. पत्र्यावर आतल्या बाजूला गावातल्या मेकॅनिकांनी पेन्सिलीने दुरुस्तीच्या तारखा घातल्या होत्या. विक्रेत्याची चिठ्ठी होती. मूळ कंडेन्सर (वीज साठवणारे भाग), मूळ सोल्डरिंग होतं. बँड स्विचचे (मीडियमवेव्ह की शॉर्टवेव्ह ते निवडायच्या बटणाचे) शॉर्टवेव्हचे संपर्क मीडियमवेव्हच्या मानाने जास्त झिजलेले होते, आणि त्यामागे इतिहास आहे. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर सिनेसंगीताला कात्री लागली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. १९५७ मध्ये विविध भारती येईपर्यंत घरोघरी लोक शॉर्टवेव्हवर सिलोन शोधत बसत. आमच्या घरीही तेच चालायचं, आणि ते त्या स्विचवर दिसत होतं. लाकडी पेटी सुंदर असते हे मान्य, पण रेडिओ म्हणजे आतला चेसिस. जुन्या बाजारात आता रिकाम्या पेट्या 'अँटिक' म्हणून विकायला येतात, हॉटेलवाले शोभेला नेतात. आमच्या मॉडेलचा चेसिस मात्र मी अजून शोधतोच आहे.

आता 'व्हॉल्व्ह मिळत नाहीत' याबद्दल. माझ्या अनुभवात बंद पडलेल्या सेटमध्ये व्हॉल्व्ह बहुतेक वेळा ठीक असतात, मेलेले असतात ते कागदी कंडेन्सर. ईएल ८४ सारखा, स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह तर गिटारच्या अँप्लिफायरसाठी आजही नवा बनतो. बाकीचे जुन्या साठ्यातले मिळतात, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेलेसुद्धा. दुकानदाराला ते शोधायची उठाठेव नको असते, इतकंच.

सर्वात आधी बदलायचा कंडेन्सर एकच: आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (सिग्नल आत येतो त्या टोकाला) जाणारा कपलिंग कंडेन्सर. तो गळायला लागला की आधीच्या व्हॉल्व्हच्या अॅनोडचा (सिग्नल बाहेर पडतो त्या टोकाचा) जास्त व्होल्टेजचा डीसी सरळ ग्रिडवर येतो, व्हॉल्व्ह अवाच्या सवा करंट ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्सफॉर्मर गेला की दुकानदाराला 'आता बोर्डच टाका' म्हणायला आयतं निमित्त. म्हणून 'लावून तर बघू' असं करू नका. तिथे ६३० व्होल्टचा पॉलिस्टर कंडेन्सर घाला. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशांत मिळेल. पहिल्यांदा लावताना सेटच्या सिरीजमध्ये जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब जोडा, म्हणजे आत बिघाड असला तरी करंट आवरला जाईल; एलईडी चालणार नाही.

हम अडवणारा फिल्टर कंडेन्सर बदलणाऱ्यांनाही आवरावं लागतं. हम जावा म्हणून ३२ च्या जागी १०० मायक्रोफॅरड ठोकतात. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) ईझेड ८० असेल तर त्याच्या लगेच पुढच्या कंडेन्सरची कमाल मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. मूळ आकडा होता तोच ठेवा.

मी इंजिनियर नाही, हौशी माणूस आहे, तेव्हा माझ्यावर विसंबून हात घालू नका. एचटी (व्हॉल्व्हना लागणारी जास्त व्होल्टेजची वीज) अडीचशे व्होल्टच्या आसपास असते आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेले राहू शकतात. व्हॉल्व्हची नावं वाचा. 'ई'ने सुरू होत असतील तर बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मर असेल, म्हणजे चेसिस घरच्या विजेपासून (मेन्सपासून) वेगळा. सगळी 'यू'ने सुरू होत असतील, यूसीएच, यूबीएफ, यूवाय अशी, तर तो असा ट्रान्सफॉर्मर नसलेला एसी-डीसी सेट. त्यात चेसिस थेट मेन्सला जोडलेला असतो, नॉबचा उघडा स्क्रूसुद्धा झटका देऊ शकतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) त्याला हात लावू नये, हे माझं ठाम मत. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल आणि त्यावर २४५ असेल तर तिथे ठेवा, २२० वर नको.

वय काढायचं असेल तर फिलिप्स-मुलार्ड घराण्याच्या व्हॉल्व्हवर काचेच्या तळाशी बारीक करड्या अक्षरांत दोन ओळी असतात. खालच्या ओळीत कारखान्याची खूण, वर्षाचा शेवटचा आकडा, महिन्याचं अक्षर (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर) आणि आठवडा. दशक आपण ओळखायचं. ओल्या फडक्याने व्हॉल्व्ह पुसू नका, नाव निघून जातं. पूर्वी रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स घ्यावं लागायचं; त्याचं पुस्तक घरात कुठे ट्रंकेत सापडलं तर जपून ठेवा. त्या तिकिटांवरून सेट घरात कधीपासून होता ते कळतं.

दुरुस्तीनंतर एकही स्टेशन लागलं नाही तर लगेच निराश होऊ नका. आधी साध्या ट्रान्झिस्टरवर रात्री मीडियमवेव्ह फिरवून बघा, तुमच्याकडे स्टेशन येतं की नाही ते कळेल. डायल मीटरमध्ये असेल तर तीन लाखाला किलोहर्ट्झने भागायचं; पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ३७९ मीटरजवळ. घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करा. अर्धी खरखर त्यांचीच असते.

मेकॅनिककडे द्यायचाच असेल तर पावतीवर लिहून घ्या: 'चेसिस बदलायचा नाही, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत परत द्यायचा.' सही घ्या. जो तयार होणार नाही त्याच्याकडे देऊ नका, दुकान कितीही जुनं असो. द्यायच्या आधी चेसिसचे वरून-खालून फोटो काढा आणि व्हॉल्व्हच्या नावांसकट इथे टाका. मॉडेल नंबर मागच्या पुठ्ठ्यावर असतो. तेवढं मिळालं की सर्किट शोधायला मी मदत करतो.