व्हॅम्पायर-वेअरवुल्फच्या मालिका तिसऱ्या भागात का सुटतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारे, आणि वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारी माणसं, यांच्या दोन इंग्रजी मालिका हौसेनं सुरू केल्या, दोन्ही तिसऱ्या भागात सुटल्या. एकेकीचे दहा-पंधरा भाग, मध्ये आणखी लघुकादंबऱ्या, त्यामुळे क्रम लागत नाही. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून वेग कमी पडतो. आणि घरात मुखपृष्ठ बघून नाकं मुरडतात. त्यात तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: "पहिल्या भागातली जोडी तिसऱ्यात दोन पानांपुरतीच आली आणि माझं मन उडालं."

मन उडालं यात तुमची चूक नाही आणि पुस्तकाचीही नाही. तुम्हाला हवी होती एका प्रकारची मालिका आणि हातात आली दुसऱ्या प्रकारची. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, मुखपृष्ठावर दोन्हीकडे चंद्र आणि काळं जाकीट असतं. पण पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे अशा अमानवी जगातली प्रेमकथा, आणि अर्बन फँटसी, म्हणजे आजच्या शहरात घडणारी जादूची गोष्ट, यांचा कणा वेगळा असतो. रोमान्समध्ये दर भागाची जोडी नवी. त्या दोघांचं जुळतं का, हीच त्या भागाची गोष्ट, आणि शेवटी ते जुळणार हा वाचकाला दिलेला शब्द असतो. पुढच्या भागात त्याच टोळीतला दुसरा कोणीतरी पुढे येतो आणि आधीची जोडी आता घरातली मोठी माणसं होऊन मागे उभी राहते. अर्बन फँटसीत निवेदक बहुतेक वेळा एकच, सगळ्या भागांत तोच किंवा तीच. दर भागात एखादा खून, एखादं कोडं, एखादी लढाई, आणि प्रेम मात्र तीन-चार पुस्तकं रेंगाळत जातं. पहिल्या प्रकाराला प्रेमकथेचं रक्त आहे, दुसऱ्याला गुप्तहेरकथेचं. लॉरेल हॅमिल्टनची अनिटा ब्लेक १९९३ साली सेंट लुईस शहरात खुनांचा तपास करतच अवतरली, आणि जिम बुचरचा शिकागोतला जादूगार २००० साली आला तो चक्क टेलिफोन डिरेक्टरीत जाहिरात देणारा खासगी तपासनीस म्हणून.

म्हणून मालिका उचलण्याआधी हे एकच बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मागच्या पानावरचा मजकूर वाचा. नायक-नायिकेची नावं बदलली असतील तर ती रोमान्सची मालिका. तिथे एका जोडीवर नाही, त्या सगळ्या गोतावळ्यावर जीव जडवायचा. नावं तीच असतील तर एका माणसाबरोबर लांबचा प्रवास आहे, आणि तिथे पहिला भाग फिका वाटला तरी थोडी कळ काढायची.

तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या वाचक दिसता. मीही तशीच आहे. नाशिकरोडहून मुंबईला पास काढून नोकरी केली तेव्हा पंचवटी एक्स्प्रेसमध्ये ही पुस्तकं वाचली. सकाळी तीन-साडेतीन तास, संध्याकाळी तितकेच. पासवाल्यांच्या डब्यात एकाच मुलीच्या आयुष्याचा पुढचा तुकडा रोज उघडायचा, यासारखी सोबत मला दुसरी मिळाली नाही. कसारा घाटात नेटवर्क जायचं, पुस्तक जात नसे.

तुमच्यासाठी पहिली निवड पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची मर्सी थॉम्पसन. 'मून कॉल्ड' हा पहिला भाग, २००६ चा. वॉशिंग्टन राज्यातल्या ट्राय-सिटीज भागात मर्सी स्वतःचं गॅरेज चालवते, फोक्सवॅगन दुरुस्त करते. तिला कायोटी होता येतं. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्या-लांडग्याच्या मधला प्राणी. वाढली मात्र वेअरवुल्फांच्या टोळीत, म्हणजे स्वतःहून कितीतरी ताकदवान लोकांत. त्यामुळे ती अंगबळावर नाही, अक्कल आणि माणसं ओळखण्यावर तगते. ग्रीस लागलेले हात, थकलेलं बिल, शेजाऱ्याशी कुरबुर, आणि त्याच दिवसात दारात उभा राहिलेला उपाशी वेअरवुल्फ मुलगा. असं एकजीव झालेलं जग मला फार भावतं. एक मात्र आधीच सांगून ठेवते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं: तिसऱ्या भागात, 'आयर्न किस्ड'मध्ये, लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे. तो चटकदार करून वापरलेला नाही. त्याची जखम चौथ्या भागात आणि पुढेही मर्सी वागवत राहते. पण मनाची तयारी नसेल तर तिथे थांबा, किंवा आधी कोणाला तरी विचारून घ्या.

दुसरी निवड इलोना अँड्र्यूज. हे नवरा-बायको मिळून लिहितात. त्यांच्या केट डॅनिअल्स मालिकेचे मुख्य भाग दहा, २००७ ते २०१८. अटलांटा शहरात जादूच्या लाटा येतात-जातात. लाट आली की वीज बंद, गाड्या बंद, बंदुका चालत नाहीत. लाट ओसरली की मंत्र निष्प्रभ. आपल्याला हे समजायला कष्ट पडत नाहीत. ज्यांनी लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर दळण आणि पाण्याची मोटर बसवली, त्यांना केटच्या घरात कंदील आणि बल्ब दोन्ही का आहेत हे पहिल्या पानावर कळतं. पण 'मॅजिक बाइट्स' हा पहिला भाग या मालिकेतला सगळ्यात कच्चा आहे. माहिती फार, माणसं कमी. तिसऱ्या भागापासून ती खरी उभी राहते, आणि केटच्या प्रेमाचं घोडं गंगेत न्हायला चौथा भाग उजाडतो. पहिल्या भागावरून या मालिकेचा निकाल लावू नका एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

रोमान्सच्या कण्याची मालिका वाचायचीच असेल तर नलिनी सिंग. फिजीत जन्मलेल्या, न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या. त्यांच्या साय-चेंजलिंग मालिकेत 'साय' ही मनोबळ असलेली जमात आहे. वेडेपण आणि हिंसा थांबवायला तिनं १९७९ मध्ये भावनाच बंद करून टाकल्या, आणि शंभर वर्षांनी, २०७९ मध्ये, पहिली गोष्ट सुरू होते. भावना दाखवली तर शिक्षा, अशा घरातली मुलगी आणि बिबट्याचं रूप घेणाऱ्या 'चेंजलिंग' कुळातला पुरुष. जोड्या दर भागात बदलतात, पण ती बंदी मोडत जाण्याची गोष्ट पंधरा भाग सलग चालते आणि २०१६ मध्ये तिचा पहिला पल्ला संपतो. त्यामुळे इथे तुमचं मन उडेल असं मला वाटत नाही. त्यांच्याच देवदूतांच्या दुसऱ्या मालिकेत भारतावर सत्ता आहे ती नेहा नावाच्या राणीची, विष आणि सापांच्या मालकिणीची. परक्या जगात आपल्या शेजारणीचं नाव असं अचानक भेटलं की वाचताना हात थांबतो.

आता क्रम. नियम सोपा आहे: गोष्टीतल्या काळाचा क्रम सोडून द्या आणि पुस्तकं छापली गेली त्या सालांचा क्रम धरा. लेखकानं वाचकाला काय आधी माहीत असेल हे त्याच क्रमानं गृहीत धरलेलं असतं. मधल्या लघुकादंबऱ्या बहुतेक वेळा टाळल्या तरी चालतात, पण एक अपवाद मला महागात पडला. ब्रिग्ज यांची दुसरी मालिका, अ‍ॅना आणि चार्ल्सची, 'क्राय वुल्फ' या २००८ च्या पुस्तकापासून सुरू होते असं समजून मी ते घेतलं. पंधराव्या पानापर्यंत मला वाटत राहिलं की माझ्या प्रतीतली सुरुवातीची पानं गळली आहेत. दोघं एकमेकांना ओळखतात, काहीतरी भयंकर नुकतंच घडून गेलंय, आणि मला पत्ता नाही. ते घडलेलं होतं आदल्या वर्षीच्या एका संग्रहातल्या लघुकादंबरीत. ती आता स्वतंत्र ई-बुक म्हणून मिळते. ती आधी वाचा, मग 'क्राय वुल्फ'. असाच घोळ बेन आरोनोविचच्या पहिल्या पुस्तकाचा आहे: २०११ चं 'रिव्हर्स ऑफ लंडन' अमेरिकेत 'मिडनाइट रायट' नावानं निघालं. पुस्तक एकच, पैसे दोनदा घालवू नका.

आणि सगळे भाग संपवलेच पाहिजेत असं काही नाही. अनिटा ब्लेकची मालिका दहाव्या भागाच्या आसपास तपासकथेकडून शय्यागृहाकडे वळते. काहींना ते आवडतं, मी तिथे उतरले. आधीचे नऊ भाग त्यामुळे खोटे होत नाहीत.

इंग्रजीचं सांगते. तुम्ही भीती धरलीय ती उलटी आहे. या पुस्तकांची निवेदनं बहुतेक 'मी'ची, बोलती, संवाद भरपूर. अवघड वाटते ती भाषा नसते, त्या जगाची व्यवस्था असते. कोण कोणाच्या टोळीतला, कोणाला कोणाच्या हद्दीत पाऊल टाकायची मुभा नाही, निमंत्रणाशिवाय उंबरा कोण ओलांडू शकत नाही. मी प्रत्येक मालिकेच्या पहिल्या भागात एक चिठ्ठी ठेवते, त्यावर नावं आणि नाती. पन्नास पानांनंतर तिची गरज उरत नाही. शब्दकोश तर उघडूच नका, एकच शब्द चौथ्यांदा अडला तरच. आणि नियमांच्या बाबतीत आपण मराठी वाचक मुळीच नवखे नाही. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा, राहणार पिंपळावर. रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. चकवा लागला की माणूस त्याच शेतात रात्रभर फिरतो. कोणता जीव का भटकतो, कुठवर येऊ शकतो, कशानं अडतो, हे सगळं आजीनं आपल्याला शाळेच्या आधी शिकवलेलं आहे.

घरच्यांच्या नाक मुरडण्याबद्दल. ब्राउन पेपरचं कव्हर घाला हा सल्ला मी देणार नाही. पुस्तक उघडपणे टीपॉयवर ठेवा आणि कोणी विचारलंच तर गोष्ट सांगा. माझ्या सासूबाईंना मी मर्सीची गोष्ट मराठीत सांगितली होती, भाजी निवडताना, आठवडाभर. वेअरवुल्फ टोळीतल्या मानपानाच्या जागी त्या फार रमल्या. कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, परक्या कुळातली मुलगी टोळीप्रमुखानं पत्करली म्हणून भाऊबंदांचा रोष, बायकांची कुजबुज. "म्हणजे रोटी-बेटीचंच की," त्या म्हणाल्या. त्यांनी एका वाक्यात जे पकडलं ते मला पाच भागांनी कळलं होतं. या मालिका वरवर राक्षसांच्या असतात, आत सगळा प्रश्न असतो तो कोणी कोणाला आपलं म्हणायचं आणि त्याची किंमत कोणी द्यायची.

याच कारणासाठी एक गोष्ट मला खुपते, तीही सांगायला हवी. बऱ्याच रोमान्स मालिकांत जोडीदार नियतीनं ठरवून दिलेला असतो. वास आला, ओळख पटली, आता तू माझी. विशेषतः वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत नायक नायिकेला खोलीत कोंडतो आणि लेखिका त्याला प्रेम म्हणते. मला ते तेव्हाही बोचत असे. चांगली लेखिका नियतीचा कौल मान्य करूनही नायिकेला 'नाही' म्हणायची जागा ठेवते, आणि नायकाला ते 'नाही' ऐकून परत जायला लावते. पहिल्या शंभर पानांत ही जागा दिसली नाही तर मी पुस्तक मिटते.

शेवटचं एक नाशिककर म्हणून. 'रिव्हर्स ऑफ लंडन'ही यादीत ठेवा. लंडनचा एक तरुण पोलीस भुताची साक्ष घेतो आणि जादूगाराचा शागीर्द होतो, अशी सुरुवात, रोमान्स नावापुरता. पण त्यात नद्या ही माणसं आहेत. थेम्सची आई, तिच्या मुली म्हणजे उपनद्या, आणि वरच्या अंगाला राहणारा म्हातारा थेम्सबाबा, ज्याचा खालच्या अंगाशी उभा दावा. टायबर्न आणि फ्लीट या मुली तर शहराखाली गाडल्या गेलेल्या नद्या आहेत, तरी ठसक्यात वावरतात. ते वाचताना मला आपली अरुणा आठवली. रामकुंडात अरुणा गोदावरीला मिळते म्हणतात, पण आज तिथे उभं राहून लेकरानं "दाखव" म्हटलं तर बोट कुठे दाखवायचं? आपल्या नासर्डी नदीचं आपण काय केलं ते रोज पुलावरून दिसतंच. आपल्याकडे नदीला देवी मानणं हे कल्पनेचं काम नाही. गोदावरीला जायचं तर आपण "गंगेवर जातो" म्हणतो, पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं त्यावर मोजतो, आणि गंगा-गोदावरीचं देऊळ बारा वर्षांनी सिंहस्थातच उघडतं. या मातीत एक पोलीस शिपाई, एक नदी आणि एक जुना करार एवढ्यावर मराठीत मालिका उभी राहू शकते. कोणीतरी ती लिहावी असं मला मनापासून वाटतं.

मर्सीचे पहिले चार भाग माझ्याकडे कागदी आहेत. तुम्ही इंदिरानगरला म्हणता, मी गंगापूर रोडला. चारही घेऊन जा, घाई नाही. पहिल्या भागात नावांची माझी चिठ्ठी असेल, ती तिथेच राहू द्या. तिसरा भाग वेगळ्या पिशवीत देईन, तो वाचायचा की नाही ते दुसरा संपल्यावर ठरवा.