फॉर्म शेवटी भरू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात वृद्धांची दिवसा देखभाल करणारं डे सेंटर बंद करण्याच्या प्रस्तावाचं इक्वालिटी इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे त्याचा कोणत्या गटातल्या माणसांवर काय परिणाम होईल हे तपासायचा फॉर्म, तुझ्या गळ्यात पडला, तेही बैठकीला चार दिवस उरलेले असताना. मीही असे फॉर्म भरलेत. निर्णय झालेला असतो, आपण फक्त त्याला कुंकू लावतो.

इंग्लंडात हा फॉर्म भरलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. 2010च्या इक्वालिटी अ‍ॅक्टचं 149वं कलम मागतं तो विचार. भेदभाव टळेल का, संधी समान होतील का, माणसामाणसांतले संबंध सुधारतील का, याचा. तोही निर्णयाआधी आणि मोकळ्या मनाने. अशाच जुन्या कायद्याखालच्या 2008च्या ब्राउन खटल्यापासून न्यायालयं हेच बजावत आली आहेत. बर्मिंगहॅम काउन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, फक्त ‘क्रिटिकल’, म्हणजे सर्वांत गंभीर, गरजा असलेल्या प्रौढांनाच मदत द्यायचं ठरवलं, तेव्हा 2011 साली हायकोर्टाने तो निर्णय बेकायदा ठरवला. कागद होते गं. पण अपंग माणसांवर प्रत्यक्ष काय ओढवेल, हा प्रश्न त्या कागदांनी निर्णय घेणाऱ्यांपुढे नीट ठेवलाच नव्हता.

माझीच फजिती सांगते. पायांच्या दवाखान्याच्या वेळा फक्त फोनवरून द्यायचं ठरलं आणि मी फॉर्मच्या नऊच्या नऊ रकान्यांत (वय, अपंगत्व, वंश, धर्म, लैंगिक कल अशा, कायद्याने संरक्षण दिलेल्या बाबींच्या) ‘परिणाम नाही’ लिहून मोकळी झाले. पुढे एका दुपारी रिसेप्शनपाशी बसले. ऐकू न येणारे एक गृहस्थ वेळ मागायला स्वतः आले होते. त्यांना फोनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी मिळाली. एका गुजराती आजींसाठी फोन करायला सुनेने कामावरून रजा घेतली होती. भाषेला वेगळा रकाना नसतो, पण ती वंशाच्या रकान्यातून आत येते, हे मला त्या दिवशी कळलं. गरिबीला मात्र रकानाच नाही. ती तू शेऱ्यात लिही, कोणी हटकलं तरी.

आणि आकड्यांतल्या शून्यावर विश्वास ठेवू नकोस. तुमच्या सेंटरच्या नोंदीत समलिंगी वृद्ध एकही नाही म्हणतेस. इथे 1967 पर्यंत पुरुषांमधले असे संबंध हा गुन्हा होता. त्या काळात तरुण असलेला माणूस आज काउन्सिलच्या फॉर्मवर खूण कशाला करेल? घरी देखभालीला केअरर यायच्या आधी तो जोडीदाराचा फोटोसुद्धा उतरवून ठेवत असेल.

तेव्हा आधी मॅनेजरकडे मुदत माग, लेखी माग. नाही मिळाली तर ‘चार दिवसांत एवढंच तपासता आलं’ असं फॉर्मवर स्पष्ट लिही. आणि उद्या सेंटरला जा. घरी आंघोळ कोण घालतं, सेंटरच्या वेळेत मुलगी कुठे कामाला जाते, जेवण शाकाहारी किंवा हलाल मिळतं म्हणून कोण येतं, ते विचार. जाताना त्यांच्या मिनीबसनेच जा. कोणाच्या दारात किती वेळ थांबावं लागतं, ते ड्रायव्हरला तोंडपाठ असतं.

तुझी,
मावशी