'जेनेरिक' हॅश टेबलला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: सी भाषेत एक जेनेरिक, म्हणजे कोणत्याही प्रकारची वस्तू ठेवता येणारे, हॅश टेबल (नावावरून किंवा आकड्यावरून जागा काढून वस्तू झटपट शोधणारी रचना) लिहिले आहे आणि त्याचे टिपण मराठीत करायचे आहे. 'जेनेरिक'ला 'सर्वसाधारण' म्हणावे की 'प्रजातीय'? आणि बकेट (वस्तू ठेवायची जागा), की (जिच्यावरून वस्तू शोधायची ते नाव किंवा आकडा), कोलिजन (दोघींना एकच जागा येणे) यांचे काय करावे?

'प्रजातीय' जीवशास्त्राला लखलाभ. 'सर्वसाधारण' अर्थाने चूक नाही, पण मराठीत त्याला 'यथातथा'ची छटा चिकटली आहे. 'सर्वसाधारण हॅश टेबल' असे वाचले की चांगले टेबल पुढच्या प्रकरणात असेल असे वाटते. 'सामान्य'चीही तीच गत. एरवी व्याकरणातल्या 'सामान्यरूपा'मुळे मला तो शब्द आवडला असता. 'घरा' हे रूप एकटे चालत नाही, त्याला 'ला', 'त', 'हून' असे काही जोडल्यावरच ते बोलते. सीमधला व्हॉइड पॉइंटर, म्हणजे प्रकार न सांगता नुसता मेमरीतला पत्ता धरणारा, तसाच आहे. तो कशाकडेही बोट दाखवतो, पण प्रकार जोडल्याशिवाय त्यातून काही वाचता येत नाही.

माझे मत 'प्रकारनिरपेक्ष' या शब्दाला. लांब आहे, पण नेमके काय चालले आहे ते सांगतो. सीमधले असे टेबल आत ठेवलेली वस्तू इंट (पूर्णांक) आहे, स्ट्रिंग (अक्षरांची माळ) आहे की स्ट्रक्ट (अनेक घरांचा गठ्ठा), हे जाणतच नाही. जाणीव बाहेरून पुरवावी लागते: वस्तू किती बाइटची, तिचा हॅश (जागा ठरवणारा आकडा) कोणत्या फंक्शनने काढायचा आणि दोन वस्तू सारख्या कधी मानायच्या. क्यूसॉर्टला, म्हणजे सीमधल्या क्रम लावणाऱ्या फंक्शनला, आपण आकार आणि तुलनेचे फंक्शन देतो, तोच हा रिवाज.

मात्र सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटला हा शब्द लावू नका. तिथे कंपायलर प्रत्येक प्रकारासाठी वेगळी प्रत काढतो आणि त्या प्रतीला आपला प्रकार पक्का ठाऊक असतो. त्याला 'साचा' म्हणावे. सीमध्ये मॅक्रो (कंपाइल होण्याआधी मजकुरात पसरणारी व्याख्या) वापरून केलेली टेबलेही साच्यातलीच. इंग्रजी दोन्हींना 'जेनेरिक' म्हणून मोकळी होते, आपण वेगळे ठेवू शकतो तर ठेवावे. गंमत म्हणजे सीच्या २०११च्या मानकात 'जेनेरिक' याच नावाचा एक कीवर्ड आला, आणि तो दिलेल्या राशीचा प्रकार पाहून पर्याय निवडतो. म्हणजे चक्क प्रकारसापेक्ष!

'हॅश' तसाच राहू द्या. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ बारीक चिरणे, त्या हिशेबाने मराठीत 'खिमा' म्हणावे लागेल, आणि ते कोणी मनावर घेणार नाही. कल्पना १९५३ची, आयबीएमच्या हान्स पीटर लून यांच्या कंपनीअंतर्गत टिपणातली. छापील लेखनात हे नाव रुळायला मात्र १९६०चे दशक संपत यावे लागले, तोवर 'विखुरलेली साठवण' अशा अर्थाची नावेही चालत होती.

'बकेट'ची 'बादली' करू नका. 'खण' हा शब्द हाताशी आहे. १०१ खणांचे टेबल घ्या, खुणेला १०१ने भागून बाकी येईल तो खण. ७ची बाकी ७, १०८चीही ७. दोन्ही एकाच खणात. याला 'टक्कर' म्हणतात खरे, पण धडकत काहीच नाही. 'खण एकच आला' एवढे पुरे.

वरच्या परिच्छेदात मी 'की'ऐवजी 'खूण' लिहून टाकले, कारण देवनागरीत 'की' लिहिली की वाक्याचा विचका होतो. 'की काढली की तिची मेमरी मोकळी करावी की नाही' हा सीमधला अगदी खरा प्रश्न आहे, पण वाचून बघा. 'किल्ली'ने कुलूप आठवते, 'कळ' कळफलकाने अडवली आहे. 'खूण' घेतली तर एक फायदा फुकट मिळतो: तुलनेच्या फंक्शनचे काम म्हणजे 'खूण पटवणे'. खण एकच आला म्हणून वस्तू तीच असे नाही, खूण पटली पाहिजे.

हे पटवणे बाइट ताडून होत नाही, आणि इथेच बहुतेकांचे टेबल फसते. समजा खूण म्हणून एक स्ट्रक्ट आहे, आत एक कॅर (एका बाइटचे अक्षर) आणि त्यामागे एक इंट. नेहमीच्या यंत्रांवर त्याचा साइझऑफ, म्हणजे बाइटमधला आकार, ५ नाही, ८ येतो. मधले ३ बाइट भरीचे, त्यांत काय असेल याची हमी नाही. दोन स्ट्रक्टांची दोन्ही घरे तंतोतंत सारखी असली तरी बाइट ताडणारे मेमकम्प हे फंक्शन त्यांना वेगळे ठरवू शकते, आणि सगळ्या बाइटांवरून काढलेला हॅशही वेगळा येऊ शकतो. टाकलेली वस्तू मग सापडत नाही. स्ट्रिंगचे आणखी वाईट. खूण म्हणून नुसता पॉइंटर दिला तर ताडला जातो तो पत्ता. 'पुणे' यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात १२ बाइटचे, पण मेमरीत दोन ठिकाणी लिहिलेले असेल तर दोन पुणे होतात. म्हणून टिपणात 'प्रकारनिरपेक्ष' लिहिताना सोबत हेही लिहा की निरपेक्ष टेबल आहे, वापरणारा नाही.

राहिला 'टूम्बस्टोन'. एका खणातल्या वस्तूंची साखळी न लावता पुढचा खण बघत जाणाऱ्या टेबलांत वस्तू काढल्यावर तिथे चिठ्ठी ठेवावी लागते, नाहीतर शोध त्या खणाशी थांबतो आणि पलीकडची वस्तू असून नसल्यासारखी होते. त्यासाठी 'थडगे' नको. 'रिकामा' आणि 'रिकामा केलेला' हा फरक मराठी वाचकाला न समजावता कळतो, तोच वापरा.