ग्राफिक कादंबरीत सगळं चित्रातच दिसतं, मग ‘मी’चं निवेदन कशाला?

कारण चित्रात ‘मी’ बाहेरून दिसतो, आणि गंमत तिथेच आहे. कादंबरीतला ‘मी’ स्वतःचा चेहरा सहसा बघत नाही; इथे तो जवळजवळ प्रत्येक चौकटीत समोर उभा असतो. मार्जान सात्रापीचं ‘पर्सेपोलिस’ घ्या, म्हणजे इराणमधल्या तिच्या बालपणाची चित्रांतून सांगितलेली आठवण. सुरुवातीला 1980 सालची दहा वर्षांची मुलगी, डोक्यावर हिजाब. चित्रातली मुलगी लहान, पण वरच्या मजकुरातला आवाज मोठ्या बाईचा. एकाच चौकटीत दोन काळ! लगेच पुढच्या चौकटीत वर्गाचा फोटो, आणि निवेदिका सांगते की मी कडेला बसल्यामुळे यात दिसत नाही. नुसत्या गद्यात हा विनोद साधलाच नसता.

आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’ या ग्राफिक पुस्तकात आणखी एक पदर आहे: मुलगा सांगतो ती वडिलांनी सांगितलेली गोष्ट, म्हणजे ‘मी’च्या आत दुसरा ‘मी’.

मी दोन्ही वाचनालयातून आणून वाचली. विकत घ्यायला महाग पडतात, आणि तासाभरात संपवून परत केली की हळहळ वाटते. म्हणून मुदत संपायच्या आत दुसऱ्यांदा फक्त चित्रं बघत जा, मजकूर झाकून. निवेदक कुठे काय लपवतोय ते तेव्हा कळतं.